आधी ऊन, मग पक्षी

पुस्तकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं यांसाठी मी जोडचित्रं करतो. पक्षी एकीकडचा, आभाळ दुसरीकडचं, झाड तिसरंच. हे कळल्यापासून मित्रमंडळी परसातल्या पक्ष्यांचे फोटो हौसेने पाठवतात. फोटो खणखणीत असतात, तरी बरेचसे परत करावे लागतात आणि माणसं दुखावतात. म्हणून हे एकदा लिहूनच टाकतो.

पक्षी कापून काढण्यातच खरी मेहनत आहे, असा अनेकांचा समज असतो. ते काम आता सॉफ्टवेअर बऱ्यापैकी करतं. उजेडाची दिशा मात्र मागाहून फिरवता येत नाही. टळटळीत दुपारी गच्चीवरून टिपलेल्या बुलबुलाच्या पाठीवर ऊन असतं, पोटाखाली सावली. त्याला संध्याकाळच्या आभाळापुढे उंच फांदीवर बसवला, की बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. शिवाय उंचावरचा पक्षी आपण खालून बघतो, त्याची पाठ दिसेलच कशी? तेव्हा पक्षी कुठे बसवायचा ते आधी ठरवा आणि कॅमेरा त्या बेताने खाली-वर न्या. अंगणात सतरंजी टाकून आडवं व्हावं लागलं तर व्हा. शेजारी हसतील, हसू द्या.

उजेड नुसता सूर्याचाच नसतो. लालबुड्या बुलबुलाचा एक फार देखणा फोटो माझ्याकडे आला होता, पण पोट हिरवट. पक्षी ग्रीन नेटला खेटून बसलेला, जाळीचा रंग त्याच्या फिकट पिसांवर उतरलेला. लाल कोब्याच्या ओट्यावरचा पक्षी तसाच खालून तांबूस दिसतो. तो तांबूसपणा काढायला जावं, तर शेपटीखालचा खरा लालही फिका पडतो. पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवताना आसपास काय रंग आहे ते बघून ठेवलेलं बरं.

कडांचंही तेच. पिसांची टोकं विरळ असतात, त्यांतून मागचा रंग डोकावतो. पांढऱ्या आभाळापुढचा दयाळ गर्द झाडीत नेला, की त्याच्या काळ्या पाठीभोवती पांढरी किनार उमटते. झाडीत बसवायचा तर झाडीपुढेच टिपा.

४०० मिमीच्या लेन्सने चार मीटरवरून, एफ ५.६ ठेवून टिपलं, तर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. चोच धारदार, शेपूट धूसर. एरवी ते शोभतं. जोडचित्रात शेजारचं पान लख्ख असलं की शेपूट चुकल्यासारखं दिसतं. पक्षी आडवा बसेपर्यंत थांबा, उजेड असेल तर एफ ११ पर्यंत जा. आणि पाय कापू नका! पकडीखालची वीतभर फांदी पक्ष्यासोबत घ्या. नव्या फांदीवर नखं रुतवणं मला तरी अजून धड जमत नाही.

शिंजीर हवा असेल तर महिना बघा. पावसाळा सरल्यावर जांभळ्या शिंजिराच्या नराचा झळाळता रंग गेलेला असतो. पोट पिवळट, गळ्यापासून खाली एक काळपट पट्टा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणाऱ्या पळसावर बसवला, की पक्षिनिरीक्षकांचे फोन आलेच. घरटी आणि पिल्लं मी घेतच नाही, कितीही चांगली असोत.

एका गिऱ्हाइकाने कॅलेंडर छापताना ‘जोडचित्र’ ही ओळ गाळली. मग लोक मला विचारू लागले, ही जागा कुठली, पक्षी कधी दिसतो? सॅलोंना, म्हणजे छायाचित्र-स्पर्धांना, फोटो पाठवणाऱ्यांनी तर फारच जपावं. पीएसए, फियाप आणि आरपीएस या छायाचित्रण संस्थांच्या सामायिक व्याख्येनुसार निसर्ग विभागाच्या चित्रात काही घालणं, हलवणं किंवा पुसणं चालत नाही. अशी चित्रं तिथे पाठवूच नयेत. आता ‘जोडचित्र’ हा शब्द मी चित्राच्या कोपऱ्यातच बसवून देतो. ज्यांना नको असेल त्यांनी दुसरा चित्रकार बघावा.