लढाईतली सायकल ओळखायची कशी?

बेळगाव-निपाणी भागात जुनी हिरवी सायकल दिसली आणि मालकाला विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं : "मिलिटरीची हाय. लढाईतली." असं वाटणं साहजिक आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात या पलटणींची माणसं आफ्रिका-इटलीपर्यंत लढली. सायकलशी तर या गावाचं नातं त्याहून जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामुअण्णांसह १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी ही पुढची गोष्ट.

पण हिरवा रंग काय, कोणीही मारतो. म्हणून सायकल तपासताना मी जुन्या पोथीची रीत वापरतो. पोथीत मूळ पाठ कुठला आणि मागाहून कुणी घुसडलेला कुठला, हे आधी वेगळं करतात. सायकलीतही फ्रेम एका काळातली, मागचं चाक दुसऱ्या काळातलं, सीट तिसऱ्याच सायकलीची, असं सर्रास असतं. एका भागावरून अख्ख्या सायकलीचं वय सांगायचं नाही.

पहिला घोटाळा होतो तो बीएसएच्या खुणेमुळे. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेलं ते चित्र पाहून लोकांना खात्रीच पटते. पण बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळातच बंदुका करणारी कंपनी. तिच्या साध्या, कारकुनाच्या सायकलीवरही तेच चित्र असे. पलटणीचा त्याच्याशी संबंध नाही. ब्रिटिश लष्कराच्या मालावर रुंद टोकाच्या बाणाचा ठसा असतो, तो धातूत ठोकलेला शोधावा.

दुसरा घोटाळा नावांचा. हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही नावं स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळच्या अंबत्तूरला टी. आय. सायकल्सनं चालवली, रॅले आसनसोलच्या सेन-रॅलेत बनू लागली. म्हणजे नाव इंग्रजी म्हणून सायकल विलायती ठरत नाही. पायडल, ब्रेक, हब यांवरची 'मेड इन इंग्लंड' ही बारीक अक्षरं बघायची, आणि तीही एकाच नव्हे, चार-पाच भागांवर. युद्धाच्या सुमाराला मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखानाही होता, हे विसरू नये.

आता 'लाइटवेट' म्हणजे काय? आपल्याकडची नेहमीची काळी सायकल १८ ते २० किलोची : २८ इंची चाकं, सळ्यांचे ब्रेक, भक्कम कॅरिअर. तंबाखूचं बोचकं लादा, कुरकुरणार नाही. लाइटवेट ११-१३ किलोची. २६ इंची अरुंद चाकं, वायरचे ब्रेक आणि पातळ पोलादी नळ्या. यांतली नामांकित नळी म्हणजे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची ५३१. ती १९३५ मध्ये आली. मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद, नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ, त्यामुळे जोड मजबूत राहून वजन घटतं. तिचं स्टिकर आता कुठंच टिकलेलं नसतं. मग सीटची दांडी काढून कॅलिपरनं मोजावी. २७.२ मिलिमीटर भरली तर आशेला जागा आहे, २५.४ भरली तर साधी नळी.

युद्ध लागलं तसं हे उत्तम पोलाद विमानांच्या कामाकडे वळलं. निकेल-क्रोमही दुर्मीळ झालं, म्हणून एरवी चकचकीत असणारे हँडल, रिम, क्रँक काळे रंगवून येऊ लागले. १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपान्यांनी घेतला आणि रबराचा मोठा पुरवठा तुटला. (तो मलाया त्यांनी बऱ्याच अंशी सायकलींवरूनच घेतला. टायर फाटले तर नुसत्या रिमवर सायकली हाणल्या!) म्हणून त्या काळातल्या पायडलांवर कधी कधी रबराऐवजी लाकडी ठोकळे सापडतात. थोडक्यात, युद्धकाळातल्या सायकलीत काय आहे यापेक्षा काय नाही, तेच जास्त बोलतं.

खास लष्करासाठी बनलेली हलकी सायकल म्हणजे बीएसएची घडीची. १९४२ ते ४५ मध्ये साठ हजारांहून अधिक बनल्या. ती एकदा पाहिली की विसरत नाही : वाकवलेल्या जुळ्या नळ्या, दोन बिजागऱ्या, हातानं फिरवायचे पंखांचे नट, आणि पायडल म्हणजे नुसत्या आत सरकणाऱ्या दांड्या. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात ती पाहायला मिळते.

निपाणीत एका मिस्त्रीमामांकडे एक हिरवी सायकल होती, अर्थात 'लढाईतली'. चिमट्याच्या आतल्या बाजूला, जिथं ब्रश पोचत नाही, तिथं हिरव्याखाली काळा रंग आणि त्यावर बारीक सोनेरी रेघ निघाली. मागच्या स्टर्मी-आर्चर हबवर ५३ चा ठसा, म्हणजे चाक १९५३ चं. बाण कुठंच नाही. वजन एकोणीस किलो. मामा हसले, "म्हणजे लढाईला न्हाई गेली म्हणा की." मी म्हटलं, "गेली असती तरी मामा, हे चाक घेऊन न्हवं."

बेळगावात शहापूरला एका आजींकडची मात्र वेगळी निघाली. आजोबांची सायकल, नातवासाठी रंग घासून, क्रोम चढवून आणायचं ठरलं होतं. मी विनंती केली, "आजी, आठ दिवस थांबा." दांडी २७.२ भरली. हँडलवरच्या काळ्या रंगाचा टवका उडाला होता, त्याखाली क्रोम नव्हतं, थेट पोलाद. क्रँकवरही तसंच. सीटमागच्या चामडी पिशवीत पान्याबरोबर नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला होता, १९४५-४६ चा. बिल्ला याच सायकलीचा असेल, तर ती त्याआधीची. आणि क्रोमचा अभाव तिला युद्धाच्या वर्षांत ढकलतो. बिल्ल्याविषयीची शंका उरतेच. फ्रेमवरचा क्रमांक कापडानं पुसून, पिठूळ खडू चोळून वाचला आणि वहीत उतरवला.

रंग घासला असता तर यातला हँडलचा पुरावा दुपारभरात गेला असता. म्हणून जुनी सायकल हाती आली की आधी फोटो : दोन्ही बाजू, बिल्ला, क्रमांक, हब, चिमट्याची आतली बाजू. मग रॉकेलनं हलक्या हातानं तेलकट मळ काढायचा. पॉलिश पेपर नाही. कॉटर पिन हातोडीनं ठोकून काढायची नाही. रॅलेच्या क्रँकच्या कपाचे आटे इतर सायकलींपेक्षा बारीक असतात. दुसरा कप जबरदस्तीनं बसवला तर फ्रेमच जाते. गावातल्या जाणत्या मिस्त्रींना हे ठाऊक असतं, त्यांच्यासमोर बसूनच खोलावं.

आजींनी रंगकाम तूर्त थांबवलंय. नातू मात्र नाराज आहे. त्याला लाल हवी होती.