पाणी, प्रकाश आणि पक्केपणा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा पोलादनगरीच्या संदर्भात दृढीकरणाच्या परिभाषेचा विचार अप्रस्तुत ठरू नये. लालबुंद पोलाद एकाएकी थंड केले की त्यातील कार्बन लोहाच्या स्फटिकरचनेत अडकून राहतो व धातू कठीण होतो. मराठीत यास ‘पाणी देणे’ म्हणतात. माणसाचे ‘पाणी जोखणे’ हा प्रयोगही याच अर्थक्षेत्राजवळचा.

अतिनील प्रकाशाने शाई वा राळ घट्ट करण्याची क्रिया निराळी आहे. एलईडी दिव्याचा साधारण ३६५ ते ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिश्रणातील प्रकाशग्राही द्रव्य शोषून घेते. त्यायोगे सुटे रेणू परस्परांत गुंफले जाऊन घन जाळे तयार होते. येथे काही उडून जावे लागत नाही. म्हणून या क्रियेस ‘वाळणे’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरते. प्रकाश खोलवर न पोचल्यास पृष्ठभाग टणक, पण अंतर्भाग कच्चा राहतो. आणि कच्ची राळ कामगाराच्या त्वचेस अपाय करू शकते. हातास कोरडे लागणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हा भेद शब्दानेच सांगावयास हवा.

‘पक्की वीट’, ‘पक्का रंग’ म्हणणाऱ्या मराठीपाशी तो शब्द आहे: प्रकाशाने ‘पक्के करणे’. मराठीतील ‘अतिनील’ हिंदीत ‘पराबैंगनी’ होतो. ‘पक्का’ मात्र दोन्ही भाषांचा. भिलाईसारख्या बहुभाषिक नगरीत परिभाषेची खरी कसोटी हीच होय.