दुसरे पत्र

पुरीमला एस्तेरची मगिल्ला ऐकताना हामानचे नाव आले की मुले पाय आपटतात. त्या गलक्यात आठव्या अध्यायातली एक गोष्ट आपल्या कानांतून निसटते. हामान फाशी गेला, तरी त्याचे फर्मान रद्द झाले नाही. राजाच्या अंगठीचा शिक्का बसलेले पत्र राजालाही मागे घेता येत नसे! म्हणून सिवानच्या २३ तारखेस मर्दखयने दुसरे पत्र लिहविले आणि ते जलद घोड्यांवरून १२७ प्रांतांत धाडले. हामानचे पत्र प्रत्येक प्रांताच्या लिपीत गेले होते. हे तसे गेलेच, शिवाय यहुद्यांच्या लिपीत व भाषेतही गेले. ज्यांच्यावर घाला आला होता, त्यांना उद्देशून.

याच्या उलट दाखला आम्हांस ड्युसेलडॉर्फमध्ये दिसतो. माक्स स्टर्न या येथील यहुदी चित्रविक्रेत्याला नाझींनी धंदा मोडावयास लावला. १९३७ साली त्याची २२८ चित्रे कोलोनला लिलावात गेली. त्याच्यावरील प्रदर्शन फेब्रुवारी २०१८ मध्ये भरणार होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहराने ते रद्द केल्याचे जाहीर केले. कारण काय, तर चित्रे परत मागण्याचे दावे चालू होते! म्हणजे ज्याचे गेले त्यानेच गप्प बसावयाचे. जगभर टीका झाली, आणि डिसेंबरात शहराने शब्द फिरविला. प्रदर्शन २०२१ मध्ये भरले. कॅनडातील मूळ सहकारी मात्र त्यात सामील झाले नाहीत.