बोट कोणाकडे?

आपला वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. पण जिल्ह्याचे ठाणे म्हणून वाशीम जुनेच. इंग्रजी अमलात त्याला बासीम म्हणत. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि वाशीम अकोल्यात सामील झाले. त्याआधी, १८९९-१९०० साली, वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. लोक मिळेल ते पाणी पिऊ लागले. अशा पाण्यानेच पटकी पसरते.

पटकी आली की त्या काळी देशातल्या कितीतरी खेड्यांत काय होई? एका घरात दोन पोरं दगावत. मग कुजबुज सुरू होई, "हे साधं दुखनं नाई. कोनं तरी करनी केली." लोक भगताकडे जात. भगत बोट दाखवी. ते बोट पाटलाच्या वाड्याकडे सहसा वळत नसे. वळे ते एकट्या विधवेकडे. तिच्या पाठीशी कोणी नसे. तिची पोटगी भाऊबंदांना जड झालेली असे.

कायदा नव्हता असे नाही. १८६० च्या दंडविधानात खुनाला व मारहाणीला शिक्षा होती. पण ठाणे दूर. गावाविरुद्ध साक्ष कोण देणार? मग पंच बसत. बाईने गाव सोडावे, नाहीतर दंड भरावा, अशी तडजोड होई. भांडण मिटलं, असे सारे म्हणत.

आम्ही विचारतो, भगताने काय सोडले? दिराने काय सोडले? सोडले ते एकट्या बाईने. दोघांनी थोडे थोडे सोडावे ती तडजोड. एकीनेच सारे सोडावे तो अन्याय.

मग पोरं मेली कशाने? १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरला कलकत्त्यात एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. म्हणजे त्या दुष्काळाआधीच रोगाचे कारण कळले होते. खेड्यापर्यंत ते पोचले नव्हते.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमक्यामुळे रोग पसरतो, अमकीमुळे म्हशीचे दूध आटते, असे म्हणून कोणाचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. त्याला ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड होतो. तेव्हा असे प्रकरण पंचांपुढे मिटवू नका. ठाण्यात सांगा.

गावात कोणी बोट दाखवले, तर आधी विहिरीकडे पाहा. आणि त्या बाईला एकटी सोडू नका.

विचार करा :
१. भगताचे बोट एकट्या बाईकडेच का वळे?
२. खरी तडजोड कोणती?