नट आवळायचा तो गाडी जमिनीवर असताना

पुढून ‘धप्प’ असा आवाज आला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: शॉकप गेले. माझ्या गाडीचे दोन्ही शॉकप नवे बसले, बिल चुकतं झालं आणि जळगावात पिंप्राळा रेल्वे गेटाजवळच्या पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज पुन्हा ऐकू आला. जुनी, पळायला तयार असलेली सेडान हौसेनं सांभाळणाऱ्यांनी पुढचं वाचून मगच गॅरेज गाठावं.

गाडी फोर्ड फिएस्टा १.६ पेट्रोल, २००८ची, पुणे पासिंग. फिएस्टा आपल्याकडे आली २००५च्या अखेरीस आणि वळणावर रस्त्याला धरून चालणारी गाडी म्हणून तिचं नाव झालं. ही पकड रबराच्या भरवशावर असते. पुढच्या लोअर आर्मचे बुश चाकाचा कोन धरून ठेवतात. ते ढिले पडले की ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते, महामार्गावर स्टेअरिंग सतत सरळ करत राहावं लागतं आणि टायर आतल्या कडेनं गुपचूप खाल्ला जातो. शिवाय जळगावचा मे महिना! पारा पंचेचाळीसच्या घरात आणि गाडी उघड्यावर. रबर कडक होतं, चिरा पडतात. बॉल जॉइंटच्या रबरी बुटाला चीर गेली की काळ्या मातीची धूळ आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून जॉइंट घासत राहते.

म्हणून आधी तपासणी. गाडी घोडीवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालणाऱ्याला मी गाडीजवळ फिरकू देत नाही. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर संशय बॉल जॉइंटवर किंवा बेअरिंगवर. डावी-उजवीकडून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड बघा. आर्म आणि सबफ्रेम यांच्यामध्ये टॉमी घालून हलका रेटा दिला की फाटलेला बुश तोंड उघडतो, बॅटरीच्या उजेडात चीर स्पष्ट दिसते. बारीक खडबडीत रस्त्यावर हळू जाताना ‘टकटक’ येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून उसळत असेल तर वरचं स्ट्रट माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग. शॉकपचा नंबर यानंतर लागतो. तो तेलानं ओला झालाय का, आणि बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी झुलत राहते का, एवढं बघावं. न झुलणारा शॉकप चांगलाच असतो असं मात्र नाही.

माझ्या गाडीचा आवाज लोअर आर्मच्या मागच्या बुशाचा होता. आर्म नवे आणले, पण खरा घोळ त्यानंतर झाला. एका गॅरेजात गाडी उचललेली, चाकं लटकलेली, अशाच अवस्थेत एअर गननं सगळे बोल्ट करकचून आवळले गेले. नवे बुश काही महिन्यांतच फाटले. पार्ट डुप्लिकेट होता, असं मला सांगण्यात आलं.

पार्ट ठीक होता. हा बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक आणि मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागीच जखडते. त्यानंतर आर्मची सगळी हालचाल रबराच्या पिळावर चालते. लटकलेल्या चाकाचा आर्म खाली झुकलेला असतो. तिथेच आवळलं आणि गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो, आणि गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलं राहतं. त्यात खड्डा आला की पिळावर पीळ.

दुसऱ्यांदा काम केलं ते एका म्हाताऱ्या मिस्तरींनी. बोल्ट नुसते हातानं बसवले आणि म्हणाले, “भाऊ, आता उतरवा खाली. दोन माणसं पुढं-मागं ढकला, गाडी बसू द्या. मग आवळू.” गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली, चारही चाकांवर वजन आलं आणि मग ते टॉर्क रेंच घेऊन खाली उतरले. मागच्या बीमच्या बुशांनाही हाच नियम लागू आहे.

बाकी थोडक्यात. शॉकप नेहमी जोडीनं बदलायचे, सोबत बंप स्टॉप आणि डस्ट कव्हरही. जुनं कव्हर घातलं तर धूळ नव्या रॉडवर चरे पाडते. स्प्रिंग दाबायला चांगला कंप्रेसरच हवा, तार किंवा दोरखंड बांधून केलेला जुगाड सुटला तर जिवावर बेततं. शॉकपच्या मधल्या नटाला एअर गन लावू देऊ नका. रॉड गरगर फिरतो आणि सील जातं. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री तेल मारून ठेवा आणि लॉकनट नवेच वापरा.

पार्ट घेताना आणखी एक. फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा २०२१मध्ये केली. पार्ट मिळतात, पण काही माल वर्षानुवर्षं दुकानाच्या फळीवर पडून असतो. रबर फळीवरही म्हातारं होतं, तेव्हा खोक्यावरची तारीख वाचा, बुश नखानं दाबून बघा. पॉलियुरेथेनचे बुश घाला म्हणणारे भेटतील. ट्रॅकवर ते शोभतात. अजिंठा रोडवर मात्र रस्त्याचा प्रत्येक दाणा पाठीच्या मणक्याला कळतो. मी रबरच ठेवलं. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा? आपल्या गतिरोधकांकडे एकदा बघून घ्या.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, तेही टायरमध्ये बरोबर हवा भरून. त्यानंतर खोटेनगरहून पाळधीकडे एक फेरी मारा. बांभोरीला गिरणेच्या पुलावर काचा खाली, रेडिओ बंद आणि सांध्यांवर कान ठेवायचा. प्रत्येक सांध्याला एकच दबका ठोका आला तर पाळधीला चहा घ्या. मागून दुसरा, मोकळा ठोका ऐकू आला तर तिथूनच गाडी वळवा आणि मिस्तरींना शेजारी बसवून हीच फेरी पुन्हा मारा. उभ्या गाडीत तो आवाज त्यांना कधीच ऐकू यायचा नाही.