लग्नाची सीडी लागत नाही तेव्हा

हिंदमाता, दादर (पूर्व)

चि. सायली,

सिनेमाच्या डीव्हीडी लागतात, लग्नाच्या लागत नाहीत, तेव्हा ड्राइव्ह गेला असणार, नवा घेऊ का, असं तू विचारलं आहेस. घाई करू नकोस. ‘काही लागतात, काही लागत नाहीत’ हीच या दुखण्याची सगळ्यांत मोलाची खूण आहे आणि नवा ड्राइव्ह आणायच्या नादात तीच आधी हातची जाते. अशा वेळी दोष एकट्या ड्राइव्हचा किंवा एकट्या चकतीचा क्वचितच असतो. थोडा थकलेला ड्राइव्ह चांगली चकती वाचतो, थोडी विटलेली चकती चांगल्या ड्राइव्हवर लागते. दोन्ही उणिवा एकत्र आल्या की गाडी अडते. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी चकत्यांचे दोन ढीग कर, लागणाऱ्यांचा आणि न लागणाऱ्यांचा, आणि दुसऱ्या ढिगात समान काय आहे ते बघ.

व्हीसीडी आणि डीव्हीडी दिसायला सारख्या असल्या तरी ड्राइव्ह त्या वेगवेगळ्या प्रकाशाने वाचतो. सीडी-व्हीसीडीसाठी 780 नॅनोमीटरचा लेसर, डीव्हीडीसाठी 650 चा. एक थकला तरी दुसरा ठणठणीत राहू शकतो. जुन्या नाटकांच्या व्हीसीडी सगळ्या चालतात आणि डीव्हीडी एकही नाही, असं असतं तर मी बिनदिक्कत ड्राइव्हवर बोट ठेवलं असतं. तुझ्याकडे सिनेमाच्या डीव्हीडी लागतात, म्हणजे तो लेसर अजून जिवंत आहे. मग फरक उरतो चकती बनवण्याच्या पद्धतीचा. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, ती कारखान्यात ठशावरून दाबलेली असे. खाचा प्लास्टिकमध्येच, वर धातूचा चकचकीत थर. त्याच सुमारास स्टुडिओवाल्याने भलं मोठं पॅकेज लावून दिलेली लग्नाची डीव्हीडी मात्र ‘राइट’ केलेली असे. तिच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो, त्यावर लेसरने खुणा पाडलेल्या असतात आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने, नुसत्या काळानेही विटतो. म्हणजे स्वस्तातला सिनेमा टिकला आणि महागडं लग्न फिकं पडलं, यात नवल काही नाही. फिकं पडलेलं वाचायला लेसर आणि लेन्स दोन्ही तरतरीत लागतात. तुझ्या ड्राइव्हची तरतरी बहुधा तेवढी उरलेली नाही.

यावर तू म्हणशील, तीच चकती टीव्हीखालच्या प्लेअरवर लागते, तेव्हा ती निर्दोष आहे. हा पुरावा दिसतो तेवढा पक्का नाही. प्लेअर संथ वेगाने वाचतो आणि एखादा तुकडा हुकला तर पडद्यावर चौकोन उमटवून पुढे सरकतो. पाहणाऱ्याला ते जाणवतही नाही. कॉम्प्युटर कॉपी करताना प्रत्येक सेक्टर बिनचूक मागतो, मिळाला नाही की मागे येऊन पुन्हा वाचतो आणि शेवटी हात टेकतो. शिवाय तो चकती फिरवतो दणदणीत: 16 पट वेगात मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास. त्यात आपल्याकडच्या लग्नाच्या सीडीवर नवरा-नवरीच्या फोटोचं स्टिकर असतं. ते वाळून एका कडेला उचललं की चकती डगमगते. (ते ओढून काढायचा मोह मात्र आवर. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली वस्तू. ओढताना ती वाकते आणि जोड सुटू शकतो.) वाचन मध्यापासून सुरू होऊन कडेकडे जातं आणि राइट केलेली चकती बहुतेक वेळा कडेलाच आधी खराब होते. त्यामुळे हळद, सीमांतपूजन सुरळीत आणि वरातीपाशी हँग, असं असेल तर कडेवरची धूळ, बोटांचे ठसे आणि डगमग यांच्यावर संशय घे, वाचनाचा वेग चार पटांवर उतरवून बघ.

चकती घातल्यावर कॉम्प्युटर ती रिकामी आहे म्हणत असेल, तर प्रकरण वेगळं. रेकॉर्डरवर लिहून झाल्यावर ती ‘फायनलाइझ’ करायची राहून गेली असेल, तर ज्या यंत्रावर लिहिली तिथे ती चालते आणि इतरत्र कोरी दिसते. विंडोज अशा वेळी फॉरमॅट करू का किंवा ही डिस्क कशी वापरायची आहे असं विचारतं. चुकूनही होकार देऊ नकोस. आयएसओबस्टरसारख्या प्रोग्रॅमला तीच चकती बहुधा वाचता येते. आणि फोल्डर दिसतात पण चित्र लागत नाही, असं असेल तर चकती आणि ड्राइव्ह दोघेही निर्दोष: 2012 च्या विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवायची सोय मीडिया प्लेअरमधून काढून टाकली. व्हीएलसी हा प्लेअर टाकला की झालं. अडते ती परदेशी चकती असेल, तर कारण रीजन कोडचं: अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या सिनेमावर रीजन 1 असतो, भारत 5 मध्ये येतो. ड्राइव्हचा रीजन बदलायला पाचच संधी मिळतात, त्या गंमत म्हणून खर्चू नकोस.

आता तुझा आक्षेप: एवढ्या शोधापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून नवा ड्राइव्ह आणणं सोपं नाही का? सोपं आहे, आणि दुसरा ड्राइव्ह ही उत्तम चाचणीही आहे. पण ती कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणलेल्या ड्राइव्हवरही होते. न फायनलाइझ केलेली चकती, नसलेला प्लेअर किंवा गाळाने माखलेली चकती नव्या ड्राइव्हने सुधारत नाही. शिवाय ड्राइव्ह बाजारात मिळतो, लग्नाची प्रत मिळत नाही, म्हणून प्रयोग ड्राइव्हवर करावेत, चकतीवर करू नयेत. टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपाय याच कारणाने मला पटत नाही: रंग विटला असेल तर पृष्ठभाग घासून उपयोग शून्य, आणि नवे ओरखडे फुकट.

स्वच्छता मात्र करावीच, आणि हिंदमाताला तर विशेष. पालिकेने सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्यापासून पावसाचं तुंबलेलं पाणी लवकर ओसरतं. पण तळमजल्यावरच्या कपाटांचा खालचा कप्पा 26 जुलै 2005 च्या पुरापासून किती वेळा भिजला असेल, याचा विचार कर. नुसत्या पाण्याने डीव्हीडी लगेच मरत नाही. तिला मारते ती सुकलेल्या गाळाची बारीक रेती, कोरड्या फडक्याने पुसताना. आधी नळाच्या पाण्याखाली धर, साबणाचा एखादा थेंब चालेल, मग मऊ कापडाने मध्यापासून सरळ कडेकडे पूस, गोल गोल नको. डीव्हीडीची चूक-दुरुस्ती सुमारे 6 मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून काढू शकते. आडवा ओरखडा माहितीची गोल फिरणारी रेघ ओलांडून जातो म्हणून तो निभावतो, रेघेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा निभावत नाही.

ड्राइव्ह बाहेरून यूएसबीने जोडलेला असेल तर हबमधून काढून थेट पाठीमागच्या पोर्टला लाव. वीज कमी पडली की तो नेमका अवघड चकत्यांवरच दगा देतो. मग सुरुवात न लागणाऱ्या चकत्यांपासून करू नकोस. आज लागतात त्या राइट केलेल्या चकत्यांची आधी कॉपी काढ, सगळ्यांत जुनी पहिली, कारण त्याही त्याच वाटेवर आहेत. अडणाऱ्यांसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापर: वाचता येतं ते तो आधी उचलतो, राहिलेल्या जागांची नोंद फाइलमध्ये ठेवतो आणि तीच नोंद घेऊन तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हवर लावली की फक्त राहिलेलंच पुन्हा मागतो. एका ड्राइव्हला न जमलेला तुकडा दुसऱ्याला पुष्कळदा जमतो. नवा ड्राइव्ह घ्यायचाच असेल, तर तो त्या वेळी घे. जुना मात्र फेकू नकोस.

कळावे,
तुझा काका