नखांचा बुरशीरोग : औषधापूर्वी तपासणी

पायाच्या अंगठ्याचे नख पिवळट, जाड व ठिसूळ झाले की नख किडले असे आपण म्हणतो. हा विकार बहुधा गजकर्णाच्या बुरशीमुळे होतो. परंतु मातीत व कुजक्या पाल्यात वाढणाऱ्या फ्युझेरियम, ॲस्परजिलस, स्कोप्युलॅरिऑप्सिस या बुरशीही कधीकधी नखात शिरतात. हैदराबाद परिसरातील भातखाचरांत किंवा आपल्या शिवारात ओल्या मातीत अनवाणी काम करताना नखास इजा झाल्यास त्यांना वाट मिळते.

गजकर्णावरील ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध या बुरशींवर चालत नाही. म्हणून प्रथम नखाच्या कातरणाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व बुरशीचे संवर्धन करून घ्यावे. सायक्लोहेक्सिमाइड मिसळलेल्या माध्यमात यांतील पुष्कळ बुरशी वाढत नाहीत. त्याविरहित माध्यमही प्रयोगशाळेने वापरावे. धुळीतील बुरशीही नमुन्यात येऊ शकते, यास्तव दुसऱ्या नमुन्यातही तीच आढळल्यास निदान पक्के होते.

अंगठ्याचे नख पूर्ण नवे येण्यास 12 ते 18 महिने लागतात. तेव्हा धीर धरावा, पाय कोरडे ठेवावेत, नखे कापण्याचे साधन वेगळे असावे. मधुमेही व्यक्तींनी विलंब न लावता शासकीय रुग्णालयात दाखवावे. ऐकीव सल्ल्याने महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्यास पैसा जातो, यकृतास अपाय होऊ शकतो आणि रोग तसाच राहतो.